बासष्टचा बोअर आणि पाचवं सेमिस्टर: प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२५, मंगळवार

नवी वही. आतापर्यंत दोन वह्या चालवल्या: कंपनीची ट्रेनिंग डायरी आणि कॉलेजची प्रोजेक्ट डायरी. एकच गोष्ट दोनदा लिहायची, एकदा साहेबांच्या सहीसाठी आणि एकदा सरांच्या. या सेमिस्टरला एकच वही. तिचीच झेरॉक्स दोन्हीकडे द्यायची. कोणाला आवडलं नाही तर बघू.

वेळापत्रक ठरलंय. रविवार ते बुधवार कंपनी, शुक्रवार-शनिवार कॉलेज. भोसरी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून मधला गुरुवार मोकळा. कागदावर छान दिसतं. गोम अशी की कॉलेजने प्रॅक्टिकलची बॅच गुरुवारी टाकली आहे, कारण "तुम्हाला तर गुरुवारी सुट्टीच असते." कंपनीला वाटतं आमची सुट्टी कॉलेज देतं, कॉलेजला वाटतं ती कंपनी देते.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, डिग्री अप्रेंटिसशिपला जोडलेली. आता तिसरं वर्ष. विषय: हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन, मेट्रॉलॉजी आणि बाकीचे. प्रकल्पाचा विषय अजून नाही. साहेब म्हणाले, "लाइनवर उभा राहा, विषय आपोआप पायात येईल."

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. कँटीनला साबुदाण्याची खिचडी, त्यामुळे उपास नसलेलेही सगळे उपासाला. लाइनवरचे काका दरवर्षी आळंदीहून पालखीबरोबर पुण्यापर्यंत चालत येतात. या वर्षी शिफ्ट बदलून मिळाली नाही म्हणून दिवसभर गप्प होते.

विषय पायात आला. ॲल्युमिनियमचं हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर), त्यात बेअरिंगचा बोअर, म्हणजे गोल भोक. बेअरिंग ६२०६, म्हणजे बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. ड्रॉइंगवर ६२ एच७, म्हणजे ६२ वर शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढीच सूट. व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं कटाईचं मशीन) फाइन बोअरिंग बारने होतो. ऑपरेटर बोअर गेजने तपासतो, ठीक म्हणून पुढे पाठवतो, आणि दुसऱ्या दिवशी सीएमएमच्या (अचूक मोजमापाचं मशीन) खोलीतून रिपोर्ट येतो: काही जॉब (मशीनवरून निघालेले नग) अंडरसाइज, म्हणजे बोअर हद्दीपेक्षा लहान. असेंब्लीवाल्यांची ओरड वेगळीच, बेअरिंग हातोडीशिवाय बसत नाही.

सगळ्यांचं उत्तर ठरलेलं आहे: इन्सर्ट, म्हणजे बारच्या टोकाचं कापणारं पातं, झिजला. इन्सर्ट झिजला की बोअर लहान होतो हे बरोबरच आहे. म्हणून इन्सर्ट वेळेआधी बदलतात. खर्च वाढतो आणि तक्रार तशीच राहते.

९ जुलै, बुधवार

सीएमएमच्या रिपोर्टवर लॉट नंबर असतो, जॉब किती वाजता झाला ते नसतं. रिपोर्ट येतो तेव्हा शिफ्ट बदललेली, ऑपरेटर बदललेला, बार कधी फिरवला ते कोणाला आठवत नाही. पहिलं काम तेच केलं: मार्कर आणून प्रत्येक जॉबवर वेळ लिहायला सुरुवात. बोअरपासून लांब, न मशीन केलेल्या बाजूला. काका म्हणाले, "इंजिनिअर होणार म्हणून मार्कर घेऊन फिरतोस होय?"

१६ जुलै, बुधवार

आठवडाभराचे रिपोर्ट वेळेप्रमाणे लावले. पहिल्या शिफ्टचे सकाळचे जॉब ठीक. जेवणाच्या सुट्टीनंतरचे खालच्या हद्दीला टेकलेले, आणि दुसऱ्या शिफ्टमध्ये अंडरसाइज. इन्सर्टचं वय पाहिलं तर ताळमेळ नाही. नवा इन्सर्ट दुपारी लावला तरी अंडरसाइज, जुना सकाळी चालला तरी ठीक.

तेव्हा इन्सर्ट नाही. काय आहे ते माहीत नाही. या आठवड्यात दुसरी शिफ्ट, खोलीवर येईपर्यंत साडेबारा. पुस्तक उघडलं नाही, उघडणारही नव्हतो. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात रात्री अभ्यास करायचा नाही, हा नियम. "पहाटे चारला उठ, डोकं ताजं असतं" असं सांगणारे भेटतात. ते रात्री दहाला झोपलेले असतात.

१८ जुलै, शुक्रवार

नाशिक फाट्याहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून वनाझच्या बाजूला. जाताना बसायला मिळालं तर नोट्स, उभं राहावं लागलं तर मोबाइलवर मागचे पेपर. घरापेक्षा इथे वाचन जास्त होतं, कारण इथे झोपता येत नाही.

आज हीट ट्रान्सफरच्या तासाला लम्प्ड सिस्टिम. गरम वस्तू हवेत ठेवली की कशी थंड होते, सगळीकडून एकसारखी थंड होते असं कधी धरायचं, बायो नंबर (वस्तूच्या आतला उष्णतेचा अडथळा भागिले पृष्ठभागावरचा) ०.१ पेक्षा कमी वगैरे. सरांनी उदाहरण दिलं तांब्याच्या गोळीचं. वहीत गोळी काढता काढता डोक्यात हाउसिंग आलं. मशीनमधून काढलेला जॉब हाताला कोमट लागतो. दुपारी जास्त. सकाळी नाही.

मधल्या सुट्टीत मेट्रॉलॉजीच्या पुस्तकात पाहिलं: मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. डिप्लोमाला हे वाक्य एका मार्काला येऊन गेलेलं. आमच्या सीएमएमच्या खोलीत एसी २० वर का लावलेला असतो, हे तेव्हा कोणी विचारलं नाही, मीही नाही.

२० जुलै, रविवार

क्वालिटीकडून टेकवून वाचायचा थर्मामीटर मागून घेतला. सकाळी साडेसात: जॉब २७ अंश, मास्टर रिंगही (बोअर गेज जिच्यावर शून्याला लावतात ती पोलादी कडी) २७. दुपारी दोन: जॉब ३४, मास्टर रिंग २९. कूलंट (कापताना धारेने सोडतात ते पाणी-तेल) दिवसभर फिरून तापतं, जॉब त्याच कूलंटमध्ये न्हाऊन निघतो. मास्टर रिंग मात्र बाजूच्या टेबलावर पंख्याखाली.

हिशेब, साहेबांना दाखवायला सोपा करून. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साधारण ११.५. व्यास ०.०६२ मीटर.

दुपारी जॉब २० अंशांपेक्षा १४ ने गरम: २३ × ०.०६२ × १४, म्हणजे २० मायक्रॉन फुगलेला. पोलादाची रिंग ९ अंशांनी गरम: ११.५ × ०.०६२ × ९, म्हणजे साडेसहा मायक्रॉनच्या आतबाहेर. गेज रिंगवर शून्य केलेला, म्हणून दोहोंतला फरक गेजवर चढतो: साडेतेरा मायक्रॉन. गेज अधिक १२ दाखवतो तेव्हा जॉब २० अंशांना खरा उणे दीड असतो. अंडरसाइज.

सकाळी दोघंही २७ ला. फरक फक्त ५ मायक्रॉन. गेजवर अधिक १२ म्हणजे खरा अधिक ७. पास.

तीस मायक्रॉनच्या हद्दीत साडेतेरा. इन्सर्टचा काही दोष नव्हता.

२२ जुलै, मंगळवार

साहेबांना दाखवलं. त्यांनी आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे गेज खोटं बोलत नाही, गेजला वेगळाच प्रश्न विचारतोय आपण." मग लगेच, "पण टार्गेट पडायला नको." प्रकल्प मंजूर.

२७ जुलै, रविवार

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: जॉब थंड होऊ द्या, मग मोजा. किती वेळ लागेल, हे हीट ट्रान्सफरच्या वहीवरून काढता येतं.

हाउसिंगचं वजन सव्वा किलोच्या आसपास, हिशेबाला १.२ धरलं. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता ९००. पृष्ठभाग ड्रॉइंगवरून अंदाजे ०.०६ चौरस मीटर. स्थिर हवेसाठी एच (पृष्ठभागावरून हवेत उष्णता किती सहज जाते तो आकडा) १० धरला. टाइम कॉन्स्टंट: १.२ × ९०० भागिले १० × ०.०६, म्हणजे १८०० सेकंद, अर्धा तास. बायो नंबर एक हजारांशाहून कमी, तेव्हा लम्प्ड धरायला हरकत नाही.

अर्ध्या तासाने फरकाचा सुमारे ३७ टक्के उरतो. तपासून पाहिलं. ३४ अंशांचा जॉब लाकडी पाटावर ठेवला (लोखंडी टेबलावर ठेवला तर टेबल उष्णता ओढून घेतं). शॉपची हवा २९. अर्ध्या तासाने यायला हवं ३०.८, थर्मामीटरने दाखवलं ३१ ला थोडं कमी. नऊ दिवस आधी वर्गात लिहिलेलं सूत्र पाटावरच्या जॉबला लागू पडताना पाहून मी एकटाच हसलो. काकांनी विचारलं काय झालं. सांगितलं. ते म्हणाले, "चहा पण असाच निवतो की. त्याला कशाला एच दहा?"

पण उपाय बाद. सीएमएमच्या २० अंशांच्या खोलीत १४ अंशांचा फरक एक अंशावर आणायलाही सव्वा तास लागतो, आणि तोवर मशीनने कितीतरी जॉब काढलेले असतात. दर जॉब थांबवून मोजायचा म्हटलं तर शिफ्टच थांबेल.

३१ जुलै, गुरुवार

प्रॅक्टिकल सकाळी. दुपारी झोप काढली, कपडे, डबे. संध्याकाळी एक मोठा कागद घेऊन दोन्हीकडचं सगळं एकत्र लिहिलं: शिफ्ट, इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा), सबमिशन, कंपनीचं ऑडिट, ग्राहकाची भेट, गणपती, दसरा. तेव्हा दिसलं की ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार इन-सेमचा आहे आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर मशीन सुरू होण्याचा दिवसही तोच. हा कागद बनवायला खरं तर मी बसायलाच नको होतो. दोन्हीकडे कॅलेंडर बनवणारी माणसं पगारावर आहेत. पण ती एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोघांनाही ओळखणारा मी एकटाच.

कागदाचा फोटो सरांना आणि साहेबांना एकाच वेळी पाठवला. सरांचं उत्तर, "छान उपक्रम." साहेबांचं उत्तर, अंगठा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

गाइड सरांनी पहिला आढावा घेतला. हिशेब बघून पहिला प्रश्न: "हा एच दहा कुठून आणलास?" पुस्तकात नैसर्गिक संवहनासाठी ५ ते २५ अशी पट्टी असते, त्यातून उचलला होता. सर म्हणाले, उचलू नको, काढ. तुझ्याकडे थंड होतानाची नोंद आहे, तिच्यावरून उलटा हिशेब कर. बरोबर आहे. कंपनीत उत्तर आलं की विषय संपतो. कॉलेजात उत्तर आल्यावर सुरू होतो. या दोन सवयींत मी रोज इकडून तिकडे उड्या मारतो, आणि प्रकल्पाला दोन्ही लागतात असं आता वाटायला लागलंय. कंपनीच्या घाईशिवाय मी पाटावर जॉब ठेवलाच नसता, सरांच्या खवचट प्रश्नाशिवाय तो दहा तसाच रिपोर्टात गेला असता.

उलटा हिशेब करून एच साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान आला. चालेल.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रकल्पाचं काही नाही. दोन ऑपरेटर गैरहजर, मला मशीनवर उभं केलं आणि शिफ्ट संपल्यावर "अजून चार तास थांब" म्हणाले. थांबलो नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे; त्याच्या कलम १५ नुसार अप्रेंटिसशिप सल्लागारांच्या मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही, आणि कलम १८ नुसार तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. हे मी भांडून नाही, हसत सांगितलं. ज्यांना सांगितलं ते हसले नाहीत. या कलम १८ ची गंमत म्हणजे ते दोन्हीकडून कापतं: कामगार नाही म्हणून जादा काम नाही, आणि कामगार नाही म्हणून कामगारांचे बाकीचे बरेचसे हक्कही नाहीत.

माझ्यासारख्याला ओव्हरटाइमचे चार तास म्हणजे नुसते चार तास नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट, तिच्यानंतर डिझाइनची असाइनमेंट. एक वीट काढली की पाच दिवसांनी शुक्रवारी भिंत पडते.

सोबतचा एकजण थांबला. त्याला घरी पैसे पाठवायचे आहेत, विद्यावेतनात भागत नाही. त्याला काय बोलणार.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी, गावी. कोरेगाव तालुका, रात्रीच्या एसटीने. आजोबांनी विचारलं, शिकतोस की कमावतोस? दोन्ही म्हटलं. ते साताऱ्यात रयतच्या बोर्डिंगात राहून शिकलेले, स्वतः भाकरी थापायचे, शेतात काम करायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका ही तिथलीच रीत. पुणे विद्यापीठात आजही त्याच नावाची योजना आहे. आजोबांचं म्हणणं, "आम्हाला काम आणि शाळा एकाच आवारात होती." फरक तो आहे खरा. माझ्या दोन आवारांमध्ये मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत.

वही आणली होती. उघडली नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. कॉलेज बंद, लक्ष्मी रोडकडे फिरकलोही नाही. इन-सेमची तयारी, मशीन डिझाइनमधले शाफ्ट. रात्री उशिरापर्यंत ढोल ऐकू येत होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

महिनाभर टेबल घेऊन बसलो होतो. कल्पना अशी: जॉबचं तापमान घ्यायचं, रिंगचं घ्यायचं, टेबलात बघून गेजवर किती दिसायला हवं ते ठरवायचं. जॉब ३० असेल तर इतकं, ३२ असेल तर इतकं. हिशेबाने चोख. एक आठवडा चालवून पाहिलं. ऑपरेटरच्या हातात आधीच गेज, कापड, एअर गन, त्यात थर्मामीटर आणि टेबल. दुसऱ्या दिवसापासून तापमान "३२" असं न बघताच लिहिलं जाऊ लागलं. दोष त्यांचा नाही. ज्याला दर काही मिनिटांनी जॉब काढायचा आहे त्याला वजाबाकी करायला लावणं हाच मूर्खपणा.

आज काका चहाला उभे होते. टेबलाकडे बघत म्हणाले, "रिंग वेगळी आणि जॉब वेगळा म्हणून हा घोळ ना? मग जॉबलाच रिंग कर. आणि ठेव तिथंच, कूलंटमध्ये. तो फुगेल तेवढा हापण फुगेल."

मी चहा खाली ठेवला.

एक चांगलं हाउसिंग घ्यायचं, सीएमएमवर २० अंशांना त्याचा बोअर नेमका किती ते मोजून त्यावर कोरायचं. ते मशीनच्या आत, कूलंटच्या धारेखाली, टेबलाच्या कोपऱ्यात बसवायचं. गेज सेट करायचा तो यावर. जॉब आणि मास्टर एकाच धातूचे, एकाच तापमानाला, म्हणून फुगणंही तेवढंच. फरक आपोआप गळून पडतो. थर्मामीटर नको, टेबल नको, वजाबाकी नको. माझ्या महिनाभराच्या टेबलाला कचऱ्याची पेटी.

हे पुस्तकातही आहे, नंतर शोधलं तेव्हा सापडलं: मास्टर आणि जॉब शक्य तो एकाच धातूचे असावेत. पण पुस्तकात ते तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत आहे, आणि काकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळी मशीन धुऊन पुसून घेतली, टूल रॅकला हार, व्हीएमसीच्या दारावर हळदीकुंकू आणि झेंडूचं तोरण. बोअर गेजलाही फूल वाहिलं, साहेबांनी काढायला लावलं. नारळ फोडला, पेढे. दुपारपासून मशीन बंद. उद्या दसरा, गांधी जयंती आणि गुरुवार, तिन्ही एकत्र.

म्हणजे दीड दिवसाहून जास्त मशीन बंद राहणार, सगळं पूर्ण गार. शुक्रवारी सकाळी सुरू होईल तेव्हा थंड अवस्थेपासून तापत जाणारी पूर्ण नोंद मिळेल, नव्या मास्टरसह आणि रिंगसह, शेजारी शेजारी. अशी सकाळ वर्षातून एक-दोनदाच. आणि शुक्रवारी माझी हीट ट्रान्सफरची इन-सेम.

काकांना विचारलं. काय काय लिहायचं ते एका कागदावर रकाने आखून दिलं. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पेपर ठीक. लम्प्ड सिस्टिमचं गणित आलं होतं. तांब्याची गोळीच.

५ ऑक्टोबर, रविवार

काकांचा कागद. मी आखलेले रकाने तसेच कोरे. मागच्या बाजूला त्यांच्या पद्धतीने: वेळ, मग "रिंगवर" आणि "जॉब-मास्तरवर" असे दोन शब्द आणि आकडे. मध्येमध्ये शेरे. "पाऊस, दार उघडं होतं." "चहाला बंद, परत सुरू केल्यावर पहिला जॉब धरू नये." "कूलंट वरून नवीन टाकलं, गार झालं." शेवटच्या शेऱ्याला मी दोनदा वाचलं. कूलंट कमी झालं की वरून पाणी आणि तेल टाकतात, टाकी एकदम गार होते, आणि रिंगवरचा फरक उलटा फिरतो. माझ्या रकान्यांत यासाठी जागाच नव्हती. मी असतो तर सहा सुबक रकाने भरले असते आणि ही उडी मला कळलीच नसती.

मास्टरवर सेट केलेल्या गेजचे आकडे सकाळपासून दुपारपर्यंत दोन-तीन मायक्रॉनच्या आत. रिंगवरचे तसेच सरकत गेलेले, हिशेबात होते तसे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

क्वालिटीवाल्यांनी तीन हरकती घेतल्या, तिन्ही रास्त. एक: ॲल्युमिनियम मऊ आहे, गेजच्या टोकांनी मास्टरचा बोअर घासत जाणार. दोन: कूलंट अल्कधर्मी असतं, ॲल्युमिनियमवर डाग पडतात, कधी खाल्लंही जातं. तीन: ऑडिटमध्ये "हे काय आहे" असं विचारलं तर प्रमाणपत्र हवं.

ठरलं ते असं. मास्टर दोन, आलटून पालटून. ठरावीक काळाने सीएमएमवर, नोंद रजिस्टरला. पोलादी रिंग मोडीत काढायची नाही, ती सीएमएमच्या खोलीत गेज तपासायला. दुसऱ्या हरकतीसाठी कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने रोज बघायचं. ते तसंही बघायला हवंच होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज, गावी. बहीण बारावीला आहे. तिला विचारायचं होतं असं शिकणं कसं असतं, आपणही करावं का. मी सांगितलं: पहिल्या वर्षी नको, गणित आणि मेकॅनिक्स पक्कं होऊ दे. मग कर, पण ज्या कंपनीत तुला झाडू मारायला किंवा ऑपरेटरच्या जागी उभं करायला नाही, शिकायला ठेवतील तिथेच. हे मुलाखतीत कसं ओळखायचं ते विचारलं. मी म्हटलं, विचार की मागच्या अप्रेंटिसने काय प्रकल्प केला. उत्तर द्यायला वेळ लागला तर समज. आणि हजेरीचा नियम लेखी घे. ७५ टक्के म्हणजे कशाचे ७५ टक्के, कंपनीचे दिवस धरून की सोडून, यावरून माझ्या वर्गातल्या दोघांचं सेमिस्टर अडकलंय.

ती म्हणाली, तू रविवारचा कधी दिसत नाहीस. खरं आहे. मित्रांची सगळी लग्नं, क्रिकेट, सहली रविवारी. माझा रविवार बोअर मोजण्यात जातो. हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

९ नोव्हेंबर, रविवार

नवी पद्धत दोन्ही शिफ्टमध्ये. अंडरसाइजचे रिपोर्ट जवळपास थांबले. जे आले ते खरोखरच इन्सर्टचे, आणि आता ते ओळखता येतात, कारण तापमानाचा गोंधळ मधून निघून गेलाय. इन्सर्ट पूर्ण आयुष्य चालवता येतात. साहेबांनी यातून किती पैसे वाचले ते काढायला सांगितलंय. मला ते काढताना कंटाळा आला, पण प्रकल्पाच्या सादरीकरणात पहिली स्लाइड हीच लागेल असं दिसतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अंतिम आढावा. बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी विचारलं, कल्पना कोणाची. काकांची, असं सांगितलं आणि रिपोर्टातही तसंच लिहिलंय. त्यावर त्यांनी विचारलं, मग तुझं काम काय? मी म्हटलं, रोग इन्सर्टचा नाही हे दाखवणं, फरक किती आणि का हे काढणं, आणि टेबल का चालत नाही ते चालवून बघणं. ते पुढच्या स्लाइडकडे वळले. मार्क अजून कळले नाहीत.

गाइड सरांनी बाहेर आल्यावर विचारलं की काकांचा तो कागद परिशिष्टात जोडलास का. जोडलाय, दोन्ही बाजूंनी. आखलेली कोरी बाजूही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एंड-सेमचं वेळापत्रक आलं. दोन पेपर कंपनीच्या दिवशी. रजेचा अर्ज आजच दिला, सोबत वेळापत्रकाची प्रत आणि त्या मोठ्या कागदाचा फोटो. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, जानेवारीपासून दुसऱ्या लाइनवर, तिथे कास्ट आयर्नचे ब्रॅकेट आहेत आणि भोकांच्या अंतराची तक्रार आहे.

हस्तांतराची यादी, पुढच्या अप्रेंटिससाठी: मास्टर क्रमांक एक सीएमएमवरून परत आणायचा बाकी. दुसऱ्या शिफ्टच्या नव्या ऑपरेटरला मास्टर पुसल्यावर लगेच गेज लावायची सवय लावायची, तो एअर गनने उडवून थंड करतो. कूलंट वरून टाकल्यावर थोडा वेळ मापं धरायची नाहीत. काकांना विचारल्याशिवाय रकाने आखायचे नाहीत.